शेवटच्या बाकामागचं टेबल

माझी वहिनी छापखान्यात मजकूर टाइप करते. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो, जो कोणीच उघडून बघत नाही, तो तिने टाइप केलेला असण्याची बरीच शक्यता आहे. शिवाय शाळांच्या प्रश्नपत्रिका, बँकेचे अर्ज, निमंत्रणपत्रिका. बोटांकडे न बघता ती इतक्या वेगात टाइप करते की शेजारी बसून बोलणाऱ्याला वाटावं, हिचं आपल्याकडे लक्षच नाही. लक्ष सगळं असतं. छापखान्यातल्या लोकांना ते माहीत आहे, म्हणून तिच्यासमोर कोणी कुचाळक्या करत नाही.

हा वेगच तिला भोवला.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या चर्चला कोणीतरी प्रोजेक्टर भेट दिला. पाळकसाहेब तेव्हा नवीन होते आणि त्यांना गीतं पडद्यावर हवी होती. पुस्तकात डोकं खुपसून गाण्यापेक्षा लोक माना वर करून गातील, असं त्यांचं म्हणणं. ते काही चुकीचं नव्हतं. फक्त गीतं टाइप कोण करणार, हा प्रश्न होता. एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी वहिनीला दारात गाठलं.

"ताई, दोनच रविवार. एकदा बसवून द्या, मग कोणीही बघेल."

वहिनी तेव्हा गायकवृंदात होती. दुसरा सूर गायची, म्हणजे मुख्य चालीच्या खालून चालणारा. तो तिने तिच्या बाबांकडून उचलला होता. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते, आवाज भारदस्त, अगदी तळातला. घरी ते खालचा सूर धरायचे आणि लहानपणीच्या वहिनीला सांगायचे, तू मधला धर, मी कितीही ओढलं तरी सोडायचा नाही. चर्चमध्ये तिचा आवाज वेगळा असा कोणाला ऐकू यायचा नाही. पण ती एखाद्या रविवारी नसली की लोक म्हणायचे, आज काहीतरी कमी वाटलं.

दोन रविवारांसाठी ती गायकवृंदातून उठली आणि शेवटच्या बाकामागे मांडलेल्या टेबलाशी जाऊन बसली. तिथून ती नऊ वर्षं उठली नाही.

ते काम काय आहे हे मला आता ठाऊक आहे, म्हणून सांगते. उपासना साडेनऊला असेल तर सव्वाआठला हजर राहायचं. आकड्याच्या काठीने पडदा खाली ओढायचा. प्रोजेक्टरची वायर सैल आहे, तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची, नाहीतर मधेच चित्र जातं. मग गीतांची यादी. ती डॉक्टरांकडून येते. डॉक्टर म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, गायन तेच चालवतात, माणूस मनाने चांगला. पण यादी शनिवारी संध्याकाळी फोनवर पाठवतो म्हणतात आणि पाठवतात रविवारी नऊ वाजता. त्यातलं एक गीत टाइप केलेलंच नसतं. ते टाइप होईपर्यंत लोक येऊ लागतात. मग पाळकसाहेब मागे येऊन, टेबलावर हात टेकून हळूच म्हणतात, "ताई, दुसऱ्या गीताऐवजी आज जरा वेगळं घेऊ या."

गाणं सुरू झालं की खरी कसरत. पाच कडवी ठरलेली असतात, डॉक्टर तिसऱ्यानंतर हात वर करतात आणि पुन्हा ध्रुवपदावर जातात. कधी चौथं गाळतात. कधी शेवटचं कडवं तीनदा म्हणायला लावतात. विचारलं तर म्हणतात, "काय करणार, पवित्र आत्म्याने नेलं." वहिनी एकदा घरी म्हणाली होती, "आत्मा नेतो तेव्हा एक मेसेज मलाही टाकत जा म्हणावं."

पडद्यावर ओळ यायला दोन सेकंद उशीर झाला की दोनशे माना एकदम मागे वळतात. हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. कोणी रागावलेलं नसतं. नुसते बघतात. आणि सगळं नीट चाललेलं असतं तेव्हा एकही मान वळत नाही.

पाचव्या वर्षी चर्चचा जुना लॅपटॉप बंद पडला. कोणीतरी नवा दिला. त्यावर फाइली उघडल्या तर गीतांच्या जागी नुसते चौकोन आणि उलटेसुलटे इंग्रजी अक्षरांचे झुबके. जुना फाँट नव्या मशीनवर चालत नव्हता. चारशे बारा गीतं होती. वहिनीने ती सगळी पुन्हा टाइप केली, छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात. चार महिने लागले. ते काम संपलं त्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नवा लॅपटॉप देणाऱ्या कुटुंबाचे आभार मानले. टाळ्या झाल्या. वहिनीनेही वाजवल्या.

आणि हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक, वय बहात्तर. आमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलंय, माझ्या भावालाही. दर रविवारी उपासना संपली की हेडसर सावकाश चालत टेबलाशी यायचे आणि वहिनीच्या हातात एक चिठ्ठी ठेवायचे. 'आशीर्वाद मधला शी दीर्घ. दुसरे गीत, कडवे चार: अनुस्वार राहिला.' खाली सही आणि तारीख. चूक खरंच असायची, हा आणखी वैताग. चौकोनातून सोडवून आणलेल्या चारशे बारा गीतांत त्यांना एक अनुस्वार सापडायचा आणि तो घेऊन ते आठवडाभर बसायचे.

तिने मदत मागितली नाही असं नाही. दर वर्षी घोषणा व्हायची, "पडद्याच्या सेवेसाठी कोणी पुढे येऊ इच्छित असल्यास..." कोणी यायचं नाही. एकदा तिने मलाही विचारलं. मी म्हटलं, "वहिनी, मला त्यातलं काही कळत नाही गं." मी दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर बसते. दिवसभर कॉम्प्युटरच चालवते. तिला ते माहीत होतं. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे लाइव्ह सुरू झालं. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना उपासना घरी दिसावी म्हणून. तीन पायांच्या स्टँडवर फोन, त्याला माईकची वायर, आणि वहिनीच्या कानात हेडफोन. आता ती उपासनेतलं खरं काही ऐकतही नव्हती. जे ऐकायची ते फोनमधून, आणि तेही आवाज फाटतोय का हे बघण्यासाठी.

बघणाऱ्यांमध्ये तिचे बाबा होते. गुडघे गेल्यामुळे त्यांचं चर्चला येणं बंद झालं होतं. सोमवारी ते तिला फोन करायचे. एकदा मी त्यांच्याकडेच होते, तिच्या आईला औषधं द्यायला गेले होते, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. बाबा ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवायचे.

"काल चित्र स्वच्छ होतं," बाबा म्हणाले. "तू दिसली नाहीस."

"मी फोनच्या मागे असते, बाबा."

"आवाजही नव्हता तुझा."

"मी गात नाही आता."

"का?"

"गायला लागले की बटन दाबायचं राहतं."

बाबा म्हणाले, "अगं, मग जातेस कशाला तिथे?"

मग तिने विचारलं, गोळ्या घेतल्या का.

या वर्षाच्या सुरुवातीला, एका मंगळवारी दुपारी बाबा गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अंत्यविधीची उपासना गुरुवारी ठरली. वहिनीचा भाऊ परदेशात. त्याला सुट्टी मिळाली तरी वेळेत पोचता येणार नव्हतं. तो फोनवर खूप रडला आणि म्हणाला, "मला लाइव्ह तरी दिसेल ना?"

बुधवारी पाळकसाहेब प्रार्थनेला घरी आले. प्रार्थना झाली, चहा झाला. निघताना दारात चपला घालता घालता ते वहिनीला म्हणाले, "ताई, कसं विचारू कळत नाही. उद्याचं लाइव्ह आणि गीतं. तुमच्याशिवाय कोणालाच येत नाही."

वहिनी म्हणाली, "हो, बघते मी."

दादा म्हणजे माझा भाऊ तिथेच उभा होता. पाळकसाहेब गेल्यावर तो म्हणाला, "तू नाही का म्हणाली नाहीस?"

"भावाला काय सांगू? दिसणार नाही म्हणून?"

मीही तिथेच होते. मी करते, एवढे दोन शब्द बोलायला मला काय झालं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

गुरुवारी चर्च भरलं होतं. डेपोतले जुने लोक आले होते, काही तर कामाच्या कपड्यांतच. पुढच्या बाकावर वहिनीची आई, तिच्या शेजारी दादा, आणि दोघांच्या मधे एक रिकामी जागा, वहिनीची. वहिनी मागे टेबलाशी. काळी साडी, कानात हेडफोन. शवपेटी वेदीसमोर ठेवली होती आणि तिच्यापासून वहिनीपर्यंत बाकांच्या बावीस रांगा होत्या.

पहिलं गीत नीट झालं. शास्त्रपाठाच्या वेळी नेटवर्क जायला लागलं. मी दोन रांगा पुढे बसले होते, मागे वळून बघत होते. तिच्या स्वतःच्या फोनवर भावाचे मेसेज येत होते, ते तिने मला नंतर दाखवले. 'आवाज येत नाहीये.' 'चित्र अडकलं.' 'ताई, काहीच दिसत नाहीये.' 'ताई.' ती एका हाताने त्याला उत्तर देत होती, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर ओळी पुढे सरकवत होती. डेपोतले एक गृहस्थ बाबांबद्दल बोलले. लोक हसले, मग डोळे पुसले. वहिनी तेव्हा टेबलाखाली वाकून वायर काढून पुन्हा घालत होती.

शेवटच्या गीतावर सहा जणांनी पेटी उचलली आणि मधल्या वाटेने ते बाहेर निघाले. वहिनीचं टेबल त्या वाटेला लागूनच आहे. तेवढ्यात लाइव्ह पुन्हा जोडलं गेलं. भावाने लिहिलं, 'दिसतंय आता, हलवू नकोस.' तिने स्टँडवरचा फोन दोन्ही हातांनी धरून पेटीच्या दिशेने फिरवला. पेटी तिच्या अगदी जवळून गेली, हात लांब केला असता तर लागला असता. ती स्क्रीनकडे बघत होती, पेटी चौकटीत नीट येतेय ना हे. पाठीमागचं दार बंद झालं तेव्हा तिने मान वर केली. समोर वाट रिकामी होती.

"मी बाबांना जाताना फोनमध्ये पाहिलं," ती त्या रात्री दादाला म्हणाली. बस, एवढंच. रडली नाही. दादाने मला हे सांगितलं तेव्हा तो मात्र रडत होता.

त्यानंतरच्या रविवारी वहिनी साडेनऊला चर्चमध्ये आली. सव्वाआठला नाही, साडेनऊला, सगळे येतात तशी. सरळ पुढे गेली आणि तिसऱ्या बाकावर बसली. दादा तिच्या शेजारी. तिने पर्स मांडीवर ठेवली आणि हात पर्सवर.

पडदा कोणीतरी खाली ओढला होता आणि प्रोजेक्टरही चालू केला होता. पडद्यावर नुसता निळा रंग आणि कोपऱ्यात 'सिग्नल नाही'. डॉक्टरांनी सुरुवात केली. पहिलं कडवं लोकांनी जोरात म्हटलं. दुसऱ्याला आवाज निम्म्यावर आला. तिसऱ्या कडव्यात डॉक्टर एकटेच होते, आणि ते जे म्हणत होते ते कडवं चौथं होतं. पुस्तकं कपाटात होती. कपाटाची किल्ली चर्चची देखभाल करणाऱ्या मामांकडे, आणि मामा त्या दिवशी गावाला.

दोनशे माना सवयीने मागे वळल्या. टेबलाशी कोणी नव्हतं. मग त्या पुढे वळल्या आणि ज्यांना ज्यांना ती दिसली ते तिच्याकडे बघू लागले.

पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, "ताई, जरा मागचं बघता का?"

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "मी आज उपासनेला आले आहे."

आवाज चढवला नव्हता. पण त्या शांततेत शेवटच्या बाकापर्यंत गेला. पाळकसाहेबांनी "आपण प्रार्थना करू या" म्हटलं. पाळकांना ही सोय असते.

तुम्हाला वाटेल, आता तरी लोकांना कळलं असेल. मलाही तसं वाटलं होतं. दुपारी मंडळीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'काही तांत्रिक कारणास्तव आज गीतं व लाइव्ह दाखवता आलं नाही, क्षमस्व.' संध्याकाळपर्यंत वहिनीला सात फोन आले. एकीने विचारलं, बरी आहेस ना. एकाने विचारलं, पासवर्ड काय आहे. बाकीच्यांनी आपापल्या परीने समजावलं. दुःखात माणूस असं वागतो, पण सेवेवर राग काढू नये. एक बाई म्हणाल्या, "देवाने दिलेलं दान आहे तुझ्याकडे." वहिनी म्हणाली, "टायपिंगचा कोर्स केला होता मी, सहा महिन्यांचा."

मंगळवारी पाळकसाहेब आणि पाळकबाई घरी आले. मी मुद्दाम थांबले होते.

"ताई, मी चुकलो," पाळकसाहेब म्हणाले. "अंत्यविधीला तुम्हाला तिथे बसवायला नको होतं."

"तेवढंच नाही," वहिनी म्हणाली. "नऊ वर्षांत मी एकही उपासना चुकवली नाही आणि एकाही उपासनेला हजर नव्हते. तुम्ही काय संदेश दिलात ते मला कधीच सांगता येत नाही. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, मी पुढची स्लाइड शोधत असते. प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा मला तुम्ही सगळ्यात शेवटी मागे आणून देता, आणि मी तो माउसवरचा हात न काढता घेते."

"पण तीही सेवाच आहे ना," पाळकसाहेब म्हणाले. "प्रत्येकाचं स्थान वेगळं."

"मग ते स्थान बदलून बदलून द्या ना. दुसऱ्या कोणाला का नको आहे ते?"

पाळकबाई म्हणाल्या, "खरंय तिचं," आणि पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. शेवटी ठरलं असं, की शनिवारी दुपारी चार वाजता वहिनी शिकवेल. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी यावं. घोषणा ग्रुपवर तीनदा गेली. त्रेपन्न जणांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली.

शनिवारी चार वाजता आलो दोघं. मी आले ती लाजेने, ते मी कबूल करते. आणि हेडसर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात नवी कोरी वही.

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "सर, तुम्ही?"

"मी चुका काढत होतो," हेडसर म्हणाले. "काढणाऱ्याला त्या करून बघायला हव्यात. सुरू कर."

ऐकायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात त्या दुपारी वहिनीच्या नाकी नऊ आले. सरांचा हात थोडा थरथरतो, त्यामुळे माउसचं बटन एकदा दाबलं की दोनदा दाबलं जायचं आणि पडदा दोन कडवी पुढे जायचा. प्रत्येक गोष्ट ते आधी वहीत लिहून घ्यायचे. 'एक: झाकण उघडणे.' पाच वाजता ते म्हणाले, गीतं लावायला शिकण्याआधी सगळ्या गीतांचं शुद्धलेखन एकदा तपासून घेऊ या. वहिनीने डोळे मिटले आणि दहापर्यंत मोजलं. मला तिचे ओठ हलताना दिसत होते.

"सर," ती म्हणाली, "उद्या सकाळी साडेनऊला लोक गाणार आहेत. चुकीचं गातील, पण गातील. आधी हे बटन."

मी तीन शनिवारांत शिकले. मला नऊ वर्षांपूर्वीही तीनच शनिवार लागले असते. हेडसरांना आठ लागले. तोपर्यंत वहिनी एका रविवारी तिसऱ्या बाकावर आणि एका रविवारी टेबलाशी, असं चाललं होतं, आणि पुढे बसली तरी तिचं अर्धं चित्त मागेच असायचं.

हेडसरांचा पहिला रविवार मी विसरणार नाही. प्रार्थना चालू असताना पडद्यावर सहलीची सूचना आली. पापकबुलीच्या वेळी लग्नाचं गीत आलं. मधल्या गीतात सर दोन कडवी पुढे गेले, मग एक मागे, मग घाबरून पहिल्यावर. दोनशे माना वळल्या. मी वहिनीच्या बाजूला बसले होते. ती मागे वळली नाही. पण तिच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर दाबलं जात होतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी, बरोबर जिथे दाबायला हवं तिथे. ती एक ओळही गायली नाही.

घरी येताना ती रस्ताभर धुमसत होती. "नऊ वर्षांनी पुढे बसतेय आणि गाता येत नाही. काय झालंय मला? ते चुकतायत, चुकू देत ना."

"हळूहळू जमेल," दादा म्हणाला.

"मला हळूहळू नको आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली हळूहळू."

पुढच्या वेळी तिने जागा बदलली. डावीकडच्या खांबामागे एक बाक आहे, तिथून पडदा अजिबात दिसत नाही, म्हणून तिथे कोणी बसत नाही. ती तिथे बसू लागली. कपाटातून पुस्तक काढून आणायची. किल्लीसाठी मामांशी भांडावं लागलं, ते तिने केलं.

मग एक गोष्ट घडली, जी सांगताना मला हसू येतं आणि वहिनीला अजून संताप येतो. हेडसरांची पाळी होती. नेहमीप्रमाणे पाळकसाहेब नऊ वीसला मागे गेले आणि म्हणाले, "सर, दुसऱ्याऐवजी आज जरा वेगळं गीत घेऊ या." हेडसर खुर्चीतून उठले. अर्ध्या चर्चला शाळेची आठवण झाली असावी, कारण लोक बोलायचे थांबले.

"यादी कालच यायला हवी होती," हेडसर म्हणाले. "ती आज नऊला आली. आता नऊ वीसला बदल. हे शक्य नाही. यापुढे शनिवारी सहानंतर बदल होणार नाही. डॉक्टर, तुम्हालाही सांगतोय. कडवी ठरलेली तेवढीच."

"हो सर," डॉक्टर म्हणाले. पाळकसाहेबही "हो सर" म्हणाले, आणि ते तर सरांच्या शाळेतही नव्हते.

त्याच आठवड्यात चर्चच्या पंचांच्या बैठकीत नियम झाला. शनिवारी सहाची वेळ, कागदावर, सहीसकट. तो अजून पाळला जातो.

वहिनीला हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. हातातलं भांडं तिने ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

"हे मी किती वेळा सांगितलं असेल?" तिने मला विचारलं. "हसून सांगितलं, लिहून दिलं, हात जोडले. आणि सरांनी एकदा सांगितलं की नियम झाला."

दादा म्हणाला, "पण झालं ना शेवटी?"

"झालं. त्याचाच राग आलाय."

तो राग गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. पाळकसाहेबांशी ती नीट बोलते, पण ताई म्हणून गोड हाक आली की तिच्या मानेचे स्नायू ताठ होतात. हेडसरांचं आणि तिचं आता बरं जमतं. ते अजून कधीतरी चुकतात, आणि तिला दिसत नाही म्हणून तिला त्रास होत नाही. लाइव्ह महिन्यातून एकदा तरी बंद पडतं. घरी बसलेले म्हातारे मला फोन करून रागावतात आणि मी ऐकून घेते. टेबलाशी महिन्यातून दोन रविवार मी असते, एक रविवार सर, एक वहिनी. तिचा रविवार असतो तेव्हा सगळं इतकं सुरळीत होतं की कोणाच्या लक्षातही येत नाही.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ती गायकवृंदाच्या सरावाला गेली. तिची जुनी जागा भरलेली होती, तिला अगदी टोकाला उभं केलं. मीही सोबत गेले होते, मागे बसून होते. डॉक्टर म्हणाले, "ताई, बरं झालं आलात. आपण जरा ठरवू या का, कोणत्या गीताला पडद्यावर मागे चित्र कुठलं..."

"डॉक्टर," वहिनी म्हणाली, "सूर द्या."

त्यांनी हार्मोनियमवर सूर दिला. दुसऱ्या ओळीत तिचा आवाज चिरकला. तिने खाकरून घसा मोकळा केला आणि पुन्हा लावला, जरा खालून. तिसऱ्या कडव्यापर्यंत तो पुरेना, श्वास तुटत होता. घरी येताना ती म्हणाली, आवाज पार गंजलाय. पुढच्या शुक्रवारी छापखान्यातून ती थेट सरावाला गेली.